हिवाळ्यातील शिकारी पक्षी : निरीक्षण व छायाचित्रण

गरुड, ससाणे, भोवत्ये, घुबडे अशा शिकारी पक्ष्यांना थंडीच्या महिन्यांत शोधणे, ओळखणे व टिपणे हा पक्षीनिरीक्षणाचा एक प्रकार आहे. विणीच्या काळात यांच्या बहुतेक जाती जोडीजोडीने मोठ्या टापूत विखुरलेल्या असतात. थंडीत भक्ष्य जिथे मिळेल तिथे त्यांची दाटी होते. जपानच्या होक्काइडो बेटावरील राउसूच्या किनाऱ्याला समुद्रातून वाहत येणाऱ्या बर्फावर स्टेलरचे समुद्री गरुड उतरतात. अलास्कातील चिलकॅट नदीचा एक पट्टा उशिरापर्यंत गोठत नाही आणि तिथल्या साल्मन माशांसाठी टकले गरुड जमतात. गुजरातमधील वेळावदरच्या गवताळ रानात संध्याकाळी भोवत्यांचा सामूहिक रातथारा (रात्रीचा एकत्र मुक्काम) भरतो.

पानगळीमुळे फांदीवरचा पक्षी उघडा पडतो, हा हिवाळ्याचा ठळक फायदा. त्याहून मोलाचा फायदा हवेचा. जमीन उशिरा तापत असल्याने वर चढणारे उष्ण प्रवाहही उशिरा तयार होतात आणि त्यांवर तरंगणारे रुंद पंखांचे गरुड सकाळी बराच वेळ झाडावर वा खांबावर बसून राहतात. भोवत्ये आणि खरुची (एक लहान ससाणा) या प्रवाहांसाठी थांबत नाहीत. भोवत्या गवताच्या शेंड्यांलगत उडत शेत पालथे घालतो, खरुची वाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी फडफडते. घुबडाचा ठावठिकाणा बहुधा खालूनच लागतो : खोडावर विष्ठेचे पांढरे ओघळ आणि बुंध्याशी हाडे व केस भरलेल्या, ओकून टाकलेल्या गोळ्या. कावळ्यांचा एकाच झाडाभोवती चाललेला कालवा ऐकू आला, तर तिकडे दुर्बीण वळवावीच.

छायाचित्रणात भिंगाच्या लांबीची चर्चा फार होते, वाऱ्याची फारच कमी. मोठा पक्षी वाऱ्याला सामोरा उडतो आणि तसाच उतरतो. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी ठेवून उभे राहिल्यास पक्षी समोरून, उजळ चेहऱ्याने येतो. वारा उलटा असेल, तर ६०० मिलिमीटरचे भिंगही शेपटीच दाखवते. उडण्याआधी पक्षी अनेकदा शिटतो, पुढे झुकतो, पाय आवळतो. ही खूण ओळखणाऱ्याचे बोट वेळेवर बटणावर असते. उड्डाणासाठी १/२००० सेकंदाच्या आसपासची शटरगती लागते, बसलेल्या पक्ष्याला त्याहून कितीतरी कमी चालते.

हिवाळ्यातला सूर्य क्षितिजाजवळून, कमी उंचीवरून जातो, त्यामुळे पंखांच्या खालच्या बाजूवरही प्रकाश पोहोचतो. बर्फ असेल तर तो परावर्तनाने आणखी भर घालतो. मात्र पांढऱ्या पसाऱ्याने कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि चित्र काळवंडते. तेव्हा एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) १ ते २ स्टॉपने, म्हणजे दुप्पट ते चौपट, वाढवावे लागते. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत घातला, तर भिंगावर दव धरत नाही. गाडी हे उत्तम लपण आहे, कारण माणसाच्या उभ्या आकृतीला बिचकणारा पक्षी गाडीला बऱ्याचदा जुमानत नाही. पण आतली ऊब उघड्या खिडकीतून बाहेर पडू लागली, की दूरचे चित्र लहरते. त्यावर महागड्या भिंगाचाही इलाज चालत नाही.

ओळख पटवणे कठीणच. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या व पिल्ले डोळ्यांदेखत निघून जातात आणि वाद उरतो. तो पंखांच्या टोकाची ठेवण आणि मानेवरची फिकट कॉलर दाखवणाऱ्या छायाचित्राने मिटू शकतो. टकल्या गरुडाचे डोके पांढरे व्हायला सुमारे ५ वर्षे लागतात, त्यामुळे तपकिरी पिल्लू दुसऱ्याच जातीचे वाटणे साहजिक आहे.

सर्वांत मोठा वाद आमिषाचा. हिमघुबड किंवा करडे मोठे घुबड समोर झेपावावे म्हणून बर्फावर जिवंत उंदीर सोडण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत बदनाम आहे. पक्ष्याला माणसाची आणि रस्त्याकडेची सवय लागते व तो वाहनाखाली येण्याचा धोका वाढतो. अनेक स्पर्धा अशी चित्रे नाकारतात, आणि ते योग्यच आहे : सोडलेल्या उंदरावरची झेप शिकारीचे वर्तन म्हणून दाखवणे ही फसवणूक आहे. दिवस लहान आणि भक्ष्य दुर्मीळ असताना पुन्हापुन्हा उडवलेला पक्षी साठवलेली ऊर्जा वाया घालवतो. घुबडांच्या दिवसाच्या विश्रांतीच्या जागा म्हणूनच जाणकार जाहीर करत नाहीत. ईबर्ड हे पक्षीनोंदींचे संकेतस्थळही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे झाकते.