रीळ गेलं आणि किल्ली आली: सिनेमा डिजिटल झाला त्याची पार्श्वभूमी

सिनेमा डिजिटल झाला म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर कॅमेरा येतो नाहीतर थेट ओटीटी. पण थोडं मागं जाऊन बघितलं तर कॅमेरा या सगळ्यात बराच उशिरा आला, त्याच्या आधीच एडिटिंग, साऊंड, इफेक्ट्स हे सगळं कॉम्प्युटरवर जाऊन बसलं होतं, आणि सगळ्यात शेवटी बदललं ते थिएटर. थिएटर शेवटी का बदललं याचं उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही, पैशात सापडतं, आणि माझं मत असं आहे की हा पैशाचा भाग कळल्याशिवाय आज रिलीजवरून, ओटीटीवरून, मानधनावरून जी भांडणं चालतात ती नीट कळतच नाहीत.

आधी फिल्म म्हणजे काय होतं ते बघू. ३५ एमएमची पट्टी, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. कॅमेऱ्यात १००० फुटांचं रीळ घातलं की साधारण ११ मिनिटं मिळायची, त्यापेक्षा लांब शॉट घ्यायचा म्हटलं तरी घेता येत नव्हता. दोन तासांचा सिनेमा म्हणजे जवळजवळ १०,८०० फूट, तीन किलोमीटरपेक्षा जास्त लांब पट्टी, आणि ही फक्त शेवटी पडद्यावर येणारी, शूटिंगला याच्या कितीतरी पट फिल्म खर्च व्हायची. प्रत्येक टेकला स्टॉकचे, म्हणजे कोऱ्या फिल्मचे पैसे, मग लॅबमध्ये धुण्याचे, मग त्याची प्रिंट काढायचे. एडिटर त्या वर्कप्रिंटवर कापाकापी करायचा, ते फायनल झालं की कडेला छापलेले नंबर बघून मूळ निगेटिव्ह कापली जायची, आणि तिथं चूक झाली तर ती कायमची. मग त्या निगेटिव्हवरून डुप निगेटिव्ह आणि तिच्यावरून शेकडो, मोठा सिनेमा असेल तर हजारो प्रिंट. एक प्रिंट पंचवीस-तीस किलोची, डब्यांमध्ये भरून गावोगाव जायची, दर खेळाला थोडी झिजायची, ओरखडे पडायचे. मोठ्या शहरात आधी आणि लहान गावात नंतर सिनेमा लागायचा यामागं मोठं कारण हेच, प्रिंटा मोजक्या आणि त्या फिरवत न्यायच्या.

आता या साखळीत डिजिटल आधी घुसलं ते बरोबर मधोमध, जिथं प्रेक्षकाला काही दिसतच नाही. १९८४ मध्ये लुकासफिल्मनं एडिटड्रॉइड नावाचं मशीन आणलं होतं, त्यात फुटेज लेझरडिस्कवर असायचं, ते काही फार चाललं नाही. पण १९८९ मध्ये अ‍ॅविड नावाची कॉम्प्युटरवर एडिटिंग करायची सिस्टीम आली आणि चित्र पालटायला लागलं. सुरुवातीला हार्ड डिस्क इतक्या लहान आणि महाग होत्या की चित्र अगदी खराब क्वालिटीचं ठेवावं लागायचं, तरीसुद्धा एडिटर तिकडे वळले कारण हवा तो शॉट हवा तिथं लावून बघायचा, नाही आवडला तर परत काढायचा, आणि यात कुठलीही फिल्म फाटत नाही की चिकटवावी लागत नाही. वॉल्टर मर्च यांना 'द इंग्लिश पेशंट'च्या एडिटिंगसाठी ऑस्कर मिळालं (सोहळा १९९७ चा), डिजिटल पद्धतीनं एडिट झालेल्या सिनेमाला हे ऑस्कर पहिल्यांदाच मिळत होतं. मात्र तो सिनेमा शूट झाला फिल्मवर आणि थिएटरात दाखवला गेला तोही फिल्मवरच.

आवाजाचंही तसंच. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल आलं, त्यात आवाजाचा डेटा फिल्मच्या कडेला जी भोकं असतात त्या दोन भोकांच्या मधल्या जागेत बारीक ठिपक्यांसारखा छापलेला असायचा. पुढच्याच वर्षी डीटीएस आलं, त्यांनी आवाज वेगळ्या सीडीवर ठेवला आणि फिल्मवर फक्त टाइमकोड, म्हणजे चित्राशी आवाज जुळवायच्या खुणा छापल्या. मला ही दोन्ही डोकी फार भारी वाटतात, कारण जगभरातले प्रोजेक्टर एका रात्रीत बदलणं शक्य नाही हे त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी जुन्याच पट्टीत नवीन गोष्ट बसवली.

इफेक्ट्सबद्दल सगळ्यांना माहीत असतं, १९९३ चा 'ज्युरासिक पार्क', १९९५ ला पूर्ण कॉम्प्युटरवर बनलेला पहिला फीचर सिनेमा 'टॉय स्टोरी', त्यामुळे त्यात फार शिरत नाही. त्याच्या मागं घडलेली एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. फिल्म स्कॅन करायची, कॉम्प्युटरवर काम करायचं आणि परत फिल्मवर उतरवायची हा रस्ता कोडॅकच्या सिनिऑन सिस्टीमनं ९० च्या दशकात पक्का केला, आधी तुकड्या-तुकड्यांसाठी, आणि २००० मध्ये 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' साठी जवळपास अख्खा सिनेमा या रस्त्यानं गेला. कॅमेरामन रॉजर डीकिन्स. शूटिंग झालं होतं हिरव्यागार मोसमात आणि दिग्दर्शकांना हवा होता कोरडा, पिवळसर, जुन्या फोटोसारखा रंग, तो लॅबमध्ये केमिकलनं नीट जमेना म्हणून कॉम्प्युटरवर केला. तिथून पुढं रंग ठरवण्याचं काम लॅबमधून उठलं आणि ग्रेडिंगच्या खोलीत आलं.

मग कॅमेरा. १९९५ ला डीव्ही फॉरमॅट आला, छोटी टेप, हातात मावणारा कॅमेरा. डेन्मार्कच्या डॉग्मे, म्हणजे साधेपणानं सिनेमा करायचा असं ठरवलेल्या दिग्दर्शक मंडळींपैकी थॉमस विंटरबर्ग यांनी 'फेस्टन' अशा घरगुती कॅमेऱ्यावर शूट केला आणि १९९८ मध्ये कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला. चित्र अगदी दाणेदार, पण कॅमेरा कुठंही घुसू शकतो, नटांच्या अगदी अंगावर जातो आणि कुणाला त्याचं दडपण येत नाही, हे सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्या टोकाला सोनीचा सेकंदाला २४ फ्रेम घेणारा एचडी कॅमेरा आला, त्यावर 'स्टार वॉर्स'चा २००२ चा भाग शूट झाला. पण माझ्या मते त्या काळातलं खरं दाखवून देणारं काम म्हणजे 'रशियन आर्क', सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज म्युझियममध्ये दीड तासाहून जास्त लांबीचा अख्खा सिनेमा एका सलग शॉटमध्ये, रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर. ११ मिनिटांच्या रिळाची हद्द जी जवळजवळ शंभर वर्षं सगळ्यांनी धरून चालली होती ती तिथं गेली.

डिजिटल सिनेमा कॅमेऱ्यांमध्ये २००७ ला रेड वन, २०१० ला अ‍ॅरी अलेक्सा, आणि त्यानंतर मात्र सगळं भराभर झालं. २०११ पर्यंत अ‍ॅरी, पॅनाव्हिजन, अ‍ॅटन या तिन्ही कंपन्यांनी नवीन फिल्म कॅमेरे बनवणं थांबवलेलं होतं. सेटवर डीआयटी नावाचा नवीन माणूस आला, कार्डवरचा डेटा सांभाळणारा, आणि मॉनिटरवर जवळपास फायनल चित्र सगळ्यांना दिसायला लागलं. आधी शॉट कसा आलाय हे नक्की फक्त कॅमेरामनच्या डोक्यात असायचं, बाकी सगळे दुसऱ्या दिवशी लॅबमधून प्रिंट येईपर्यंत त्याच्या भरवशावर. फिल्म होती तेव्हा शिस्त होती, लोक विचार करून शॉट घ्यायचे, आता नुसता कॅमेरा चालूच ठेवतात अशी तक्रार जुनी माणसं करतात आणि ती निम्मी खरी आहे, एडिटरच्या टेबलावर दोनशे-दोनशे तास फुटेज येऊन पडतं. पण उरलेल्या निम्म्याबद्दल कुणी बोलत नाही, ज्यांना स्टॉक परवडतच नव्हता त्यांच्यासाठी ती शिस्त नव्हती, ते बंद दार होतं. २०१५ चा 'टँजरीन' आयफोन ५एस वर शूट झालाय आणि थिएटरमध्ये लागलाय.

आता थिएटर. खरं तर तंत्र कधीचं तयार होतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी बारीक आरशांची चिप १९८७ मध्येच बनवली होती, जून १९९९ मध्ये 'स्टार वॉर्स'चा तेव्हाचा नवीन भाग अमेरिकेत चार पडद्यांवर डिजिटल प्रोजेक्शननं दाखवून झाला होता. मग पुढची सहा-सात वर्षं काय अडलं? तर हिशोब अडला. प्रिंटचा खर्च वितरक करायचा, एका प्रिंटला हजार-दीड हजार डॉलर, त्यामुळे डिजिटल झालं तर पैसे वाचणार वितरकाचे. आणि नवीन प्रोजेक्टर, सर्व्हर घ्यायचा खर्च पडणार थिएटरवाल्यावर, एका पडद्याला दहा हजारांच्या कितीतरी पट डॉलर, ते पण ज्याचा जुना प्रोजेक्टर तीस-तीस वर्षं विनातक्रार चालत होता त्याला. फायदा एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, मग कोण कशाला हात घालेल.

यावर तोडगा निघाला तो व्हीपीएफ, व्हर्च्युअल प्रिंट फी. म्हणजे वितरकानं दर डिजिटल बुकिंगमागं ठरावीक रक्कम द्यायची, मधली एखादी कंपनी कर्ज काढून प्रोजेक्टर बसवणार आणि त्या रकमेतून कर्ज फेडणार. त्याच्या आधी २००२ मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून डीसीआय नावाची, डिजिटल सिनेमाचे तांत्रिक नियम ठरवणारी संस्था स्थापन केली आणि जुलै २००५ मध्ये पहिलं स्पेसिफिकेशन काढलं, २के ४के रिझोल्यूशन, जेपेग २००० कॉम्प्रेशन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एन्क्रिप्शन. आज थिएटरला प्रिंटऐवजी जाणारा सिनेमाच्या फाईलींचा संच, म्हणजे डीसीपी, यातूनच आला. २००९ च्या शेवटी 'अवतार' आला, थ्रीडी दाखवायचं तर डिजिटल प्रोजेक्टर पाहिजेच, मग रांग लागली. २०११ मध्ये नॉर्वेतली सगळी थिएटरं डिजिटल झाली, असा तो पहिला देश. जानेवारी २०१४ मध्ये पॅरामाऊंटनं अमेरिकेत फिल्म प्रिंट देणं बंद केल्याची बातमी आली. तिकडे फुजीनं २०१३ मध्ये सिनेमाची शूटिंग आणि प्रिंटची फिल्म बनवणं सोडलं, कोडॅकची सिनेमा फिल्मची विक्री २००६ च्या तुलनेत २०१४ पर्यंत ९६ टक्क्यांनी पडली. लहान, एकपडदा थिएटरांना व्हीपीएफचं गणित जमलं नाही कारण तिथं नवे सिनेमे पहिल्या आठवड्यात लागतच नव्हते, कुणी वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला, बाकी कितीतरी बंद पडली.

आणि इथंच तो बदल झाला ज्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. प्रिंट ही वस्तू होती, ज्याच्याकडे डबे आहेत तो खेळ लावू शकत होता. डीसीपीचं तसं नाही, फाईल सर्व्हरमध्ये आली तरी ती उघडायला केडीएम नावाची डिजिटल किल्ली लागते, आणि ती ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक तारखेच्या ठरावीक वेळेपासून ठरावीक वेळेपर्यंतच चालते. किल्ली चुकीची आली किंवा उशिरा आली तर हॉल भरलेला असताना खेळ रद्द करावा लागतो. पायरसी रोखायला हे लागतं हे मान्य, प्रिंटच्या काळात चोरून जादा खेळ व्हायचे हेही खरं. पण कुठल्या पडद्यावर कधी काय चालणार याचा ताबा त्यामुळे थिएटरकडून वितरकाकडे सरकला. एक चांगली गोष्ट अशी की डीसीपी बनवायला आता फुकट ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, किल्लीशिवायचं साधं डीसीपी कुणीही घरी बनवू शकतो, फेस्टिव्हलना सिनेमे पाठवणारे कितीतरी लोक तेच करतात.

जपणुकीचा प्रश्नही याच्याशीच बांधलेला आहे. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीनं २००७ मध्ये एक अहवाल काढला, त्यात एका सिनेमाचा डिजिटल मास्टर सांभाळायचा वार्षिक खर्च १२,५१४ डॉलर आणि तोच फिल्म मास्टरचा १,०५९ डॉलर असा हिशोब होता. फिल्म थंड, कोरड्या जागेत ठेवली की शंभर वर्षं राहू शकते, डेटा दर काही वर्षांनी नवीन टेपवर हलवावाच लागतो. म्हणून काही मोठे स्टुडिओ डिजिटलवर शूट झालेले सिनेमेसुद्धा जपण्यासाठी परत फिल्मवर उतरवून ठेवतात. लहान निर्मात्याला हे कुठून परवडणार, त्याचा सिनेमा दोन हार्ड डिस्कवर असतो. आणि एखाद्या संग्रहालयाकडे किल्लीवालं डीसीपी येऊन पडलं आणि किल्ली देणारी कंपनीच बंद झाली तर ती फाईल असून नसल्यासारखी.

घरात सिनेमा पोचवण्याचा प्रवास त्या मानानं लवकर झाला. १९९६ च्या शेवटी जपानमध्ये डीव्हीडी, २००३ ला एच.२६४ कोडेक ज्यामुळे कमी डेटात चांगलं चित्र पाठवता यायला लागलं, जानेवारी २००७ मध्ये नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग. थिएटरनंतर साधारण तीन महिन्यांनी बाकी ठिकाणी, ही जी जुनी खिडकी होती ती प्रिंटच्या काळापासूनची सवय, ती आतून पोखरली गेलीच होती आणि २०२० च्या साथीत मोडली. वॉर्नरनं २०२१ चे सगळे सिनेमे अमेरिकेत थिएटर आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी आणले, नंतर तिथल्या बऱ्याच मोठ्या सिनेमांसाठी ४५ दिवसांवर तडजोड झाली.

पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती आकड्यांची. थिएटरात तिकीट विकलं की तो आकडा बाहेर यायचा, डीव्हीडी किती खपल्या ते कळायचं आणि त्यावर लेखक-कलाकारांना रेसिड्युअल, म्हणजे पुढच्या विक्रीतला वाटा मिळायचा. स्ट्रीमिंगमध्ये किती लोकांनी बघितलं हे फक्त प्लॅटफॉर्मला माहीत. अमेरिकेतल्या लेखकांनी २००७-०८ मध्ये १०० दिवसांचा संप केला तो इंटरनेटवरच्या वाट्यासाठी, आणि २०२३ मध्ये परत १४८ दिवसांचा केला तेव्हा एआयसोबत हाच मुद्दा होता. त्यातून जो करार झाला त्यात असं ठरलं की मोठ्या बजेटची स्ट्रीमिंगसाठी बनलेली कलाकृती पहिल्या ९० दिवसांत देशातल्या किमान २० टक्के ग्राहकांइतकी बघितली गेली तर लेखकाला बोनस मिळणार, आणि किती तास बघितलं गेलं हे आकडे संघटनेला मिळणार, पण गोपनीय म्हणून. ज्याच्या पाठीशी अशी संघटना नाही आणि ज्यानं सिनेमा एकरकमी विकून टाकलाय, त्या निर्मात्याला आपला सिनेमा किती जणांनी बघितला हे विचारायचा करारानं हक्कच नसतो, आणि पुढचा सिनेमा विकायला बसल्यावर समोरच्याकडे तो आकडा असतो, त्याच्याकडे नसतो.