कोकणातील टॉकीज

कोकणातील टॉकीज : पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर, मुख्यतः तालुक्याच्या गावांत आणि जुन्या बंदरांच्या बाजारपेठांत उभी राहिलेली एकपडदा चित्रपटगृहे. बोलपट आल्यावर ‘टॉकीज’ हा शब्द रूढ झाला. बोलीत ‘थेटर’ असेही म्हणतात. नावे बहुधा देवादिकांची : रत्नागिरीचे राधाकृष्ण, अलिबागचे ब्रह्मा-विष्णू-महेश.

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. गिरणगावात राहणाऱ्या कोकणी माणसाला सिनेमा असा लवकर भेटला. त्याच्या गावाला मात्र वाट पाहावी लागली. मध्ये खाड्या, घाट आणि चार महिने पाऊस. वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली. देशावर मोकळ्या माळावर तंबू ठोकला की चार गावे गोळा होत, तशी सोय इथे कमी. त्यामुळे टुरिंग टॉकीजचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन मृगाच्या आत संपे. जत्रांचे दिवसही तेच. रात्र जागवण्याची सवय दशावतार आणि नमन-खेळे या इथल्या लोकनाट्यांनी आधीच लावलेली होती. तेव्हा प्रेक्षक नव्याने घडवावा लागला नाही, त्याला फक्त पडद्यासमोर बसवायचे होते.

पक्की इमारत उभारायला पैसा हवा, वीज हवी आणि परवानाही हवा. १९५३च्या मुंबई चित्रपटगृह नियमन कायद्याने परवान्याचे अधिकार जिल्हा प्रशासनाकडे दिले. यंत्रखोली आगीपासून सुरक्षित असावी, यावर विशेष कटाक्ष असे, कारण जुनी नायट्रेटची फिल्म भडकन पेट घेई. आतली व्यवस्था सर्वत्र साधारण सारखीच : पुढे बाकडी, मागे खुर्च्या, वर जमल्यास बाल्कनी. छप्पर कौलांचे किंवा पत्र्याचे. आषाढाच्या सरी पत्र्यावर कोसळू लागल्या की संवाद ऐकू येत नसत आणि प्रेक्षक ओठांवरून कथा जुळवत.

खरी कसरत पेटीची. हजार फुटांचे रीळ जेमतेम ११ मिनिटे चाले, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला १३-१४ रिळे. ही रिळे पत्र्याच्या पेट्यांतून आधी बोटीने आणि पुढे एसटीने येत. घाटात दरड कोसळली की खेळ रद्द. मुंबईत फिरून झिजलेली, ओरखडे पडलेली प्रत महिन्यांनी कोकणात पोचे. ऑपरेटर प्रोजेक्टरला उजेड देणारी कार्बनच्या कांड्यांतली ज्योत सांभाळत, तुटलेली पट्टी चिकटवत ती चालवी. या माणसांच्या कसबाची नोंद फारशी कुठे झाली नाही, ही मोठी उणीव आहे. गावात मात्र डोअरकीपर आणि ऑपरेटर मास्तरांइतकेच ओळखीचे असत.

टीव्ही आला आणि टॉकीज बसली, असे सहसा सांगितले जाते. कोकणापुरते हे अर्धेच खरे आहे. इथली टॉकीज मुंबईच्या मनीऑर्डरवर आणि चाकरमान्यांच्या सुट्टीवर चाले. शिमगा, मे महिना आणि गणपती हे तिचे भरतीचे दिवस, एरवी ओहोटी. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि घराघरांतली मनीऑर्डर आटली. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. डोंगराआडच्या गावांत प्रक्षेपण नीट पोचत नव्हते, पण भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर पोचला. गणपतीच्या रात्री अंगणात लागोपाठ तीन चित्रपट पाहिले जाऊ लागले आणि जे दिवस टॉकीजला वर्षभर तगवत, तेच हातचे गेले. पुढे केबल आली.

त्याहून खोल कारण लोकसंख्येत आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. म्हणजे संध्याकाळच्या खेळाला रांगेत उभी राहणारी तरुण पोरे गावात नव्हतीच. शेवटचा खेळ सुटल्यावर वाडीकडे जाणारी एसटी नसे, हीदेखील साधी पण निर्णायक अडचण.

२००५नंतर उपग्रहाद्वारे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. पेटी संपली आणि मुंबईत लागणारा चित्रपट त्याच शुक्रवारी तालुक्याच्या गावात लागू शकला. काही मालकांनी यंत्रणा बदलली. अनेकांना तो खर्च झेपला नाही. पनवेलसारख्या मुंबईला जोडल्या गेलेल्या शहरात बहुपडदा चित्रपटगृहे आली, दक्षिणेकडे मात्र अंतर वाढत गेले. मार्च २०२०मध्ये करोनामुळे सगळेच पडदे बंद झाले. नोव्हेंबर २०२०मध्ये निम्म्या आसनक्षमतेने उघडले, पुन्हा बंद पडले आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत सुरू झाले. त्याच दीड वर्षात निसर्ग आणि तौक्ते ही वादळे किनाऱ्यावर आली आणि २२ जुलै २०२१च्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली.

बंद पडलेल्या टॉकीजचे पुढे मंगल कार्यालय होते, गोदाम होते किंवा दुकानांचे संकुल. काही नुसत्याच कुलूपबंद उभ्या आहेत, भिंतींवर पिंपळ रुजलेल्या. पत्ता सांगताना लोक अजूनही ‘टॉकीजच्या मागे’ असेच म्हणतात.