बँक्स, गॉर्डन

बँक्स, गॉर्डन : (३० डिसेंबर १९३७ – १२ फेब्रुवारी २०१९). इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलपटू व गोलरक्षक. इंग्लंडने जिंकलेल्या १९६६ च्या विश्वचषक स्पर्धेत संघाच्या सहाही सामन्यांत गोल त्यानेच सांभाळला. आंतरराष्ट्रीय सामने ७३. त्यांपैकी ३५ मध्ये एकही गोल झाला नाही.

जन्म शेफील्ड येथे. शाळा सुटल्यावर कोळशाची पोती भरणे, नंतर बांधकामावर विटा वाहणे अशी कामे केली. चेस्टरफील्ड क्लबच्या युवा संघाबरोबर तो १९५६ च्या एफ. ए. (इंग्लंडची फुटबॉल संघटना) युवा चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तिथे मँचेस्टर युनायटेडकडून दोन लढतींत मिळून ४–३ अशी हार झाली. लष्करी सेवा जर्मनीत झाली. वरिष्ठ संघातील पहिला सामना नोव्हेंबर १९५८ मध्ये, तिसऱ्या श्रेणीत. लगेच पुढच्या उन्हाळ्यात लेस्टर सिटीने ७,००० पौंडांना त्याला घेतले. लेस्टरबरोबर १९६१ व १९६३ चे एफ. ए. चषकाचे दोन अंतिम सामने तो हरला, तर १९६४ चा लीग चषक जिंकला. पहिल्या पराभवाचे मोजमाप करताना एक गोष्ट विसरू नये : त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती आणि लेन चामर्स लवकर जायबंदी झाल्याने लेस्टर जवळजवळ दहाच जणांनिशी खेळले.

इंग्लंडतर्फे पदार्पण ६ एप्रिल १९६३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, स्कॉटलंडविरुद्ध (१–२). सलग ७२० मिनिटे गोल न होऊ देण्याचा त्याचा विक्रम १९६६ चा. हा आकडा संघाचा नसून गोलरक्षकाचा आहे, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. त्याची जुळणी अशी : एप्रिलमधील स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्याची शेवटची ८ मिनिटे, नंतर युगोस्लाव्हिया, फिनलंड, पोलंड, उरुग्वे, मेक्सिको, फ्रान्स व अर्जेंटिना हे सात पूर्ण सामने (६३० मिनिटे), आणि पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यातील ८२ मिनिटे. ८२ व्या मिनिटाला यूझेबियोने पेनल्टीवर गोल केला. मधल्या काळात इंग्लंडवर नॉर्वेने एक गोल केला होता, पण त्या दिवशी गोलात रॉन स्प्रिंगेट होता. म्हणून संघाचा आणि गोलरक्षकाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. इंग्लंडचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डने जुलै २०२१ मध्ये डेन्मार्कविरुद्ध हा आकडा ओलांडला.

योगायोग असा, की ४ मे १९६६ रोजी बँक्स वेम्ब्लीवर युगोस्लाव्हियाविरुद्ध खेळत असताना लेस्टरच्या गोलात सोळा वर्षांचा पीटर शिल्टन पहिल्यांदाच उभा राहिला. वर्षभरात लेस्टरने विश्वविजेत्या गोलरक्षकाला विकले. एप्रिल १९६७ मध्ये तो स्टोक सिटीकडे गेला. रक्कम बहुतेक ठिकाणी ५०,००० पौंड, तर क्वचित ५२,५०० पौंड अशी आढळते.

७ जून १९७० रोजी ग्वादालाहारा येथे ब्राझीलविरुद्ध त्याने अडवलेला पेलेचा हेडर (डोक्याने मारलेला चेंडू) हा त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत चर्चिलेला प्रसंग. सामना भर दुपारी १२ वाजता सुरू झाला होता. जाइरझिन्योने उजव्या बगलेने गोलरेषेपर्यंत धाव घेऊन क्रॉस टाकला, तेव्हा बँक्स जवळच्या, म्हणजे स्वतःच्या डाव्या खांबापाशी होता, आणि तिथे असणे बरोबरच होते. पेलेने दूरच्या खांबाकडे उडी घेऊन चेंडू डोक्याने खाली दाबला. गोलाची रुंदी ७.३२ मीटर; तिचा बराचसा भाग बँक्सला उलट दिशेने कापायचा होता. खाली मारलेला हेडर अवघड ठरतो तो टप्प्यामुळे. हात चेंडू आता जिथे आहे तिथे नेला, तर चेंडू टप्पा घेऊन हातावरून निघून जातो. मेक्सिकोतील टणक मैदानांवर चेंडू इंग्लंडमधल्या ओलसर हिरवळीपेक्षा अधिक उसळतो. बँक्सने उजवीकडे झेप घेत हात टप्प्यानंतरच्या उंचीवर नेला आणि चेंडूला खालून वर उचल दिली. तो आडव्या दांड्यावरून गेला. टप्पा रेषेपासून नेमका किती अलीकडे पडला याविषयी वर्णनांत फरक आहे. चित्रफीत पाहता ‘एक-दोन यार्ड’ हा अंदाज ग्राह्य वाटतो. सामना ब्राझीलने १–० असा जिंकला. आठवडाभराने पोट बिघडल्यामुळे बँक्स पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळू शकला नाही. त्याच्या जागी पीटर बोनेटी आला; इंग्लंड २–० अशा आघाडीनंतर २–३ हरले.

या झेपेला सर्वोत्तम मानण्याचा प्रघात आहे. निव्वळ परिणाम पाहिला, तर मात्र डिसेंबर १९७१ मध्ये लीग चषकाच्या दोन लढतींच्या उपांत्य फेरीत वेस्ट हॅमच्या जेफ हर्स्टची पेनल्टी त्याने अडवली, ती अधिक मोलाची म्हणावी लागेल. पहिल्या लढतीत हर्स्टने त्याच्याविरुद्ध पेनल्टीवर गोल केला होता. दुसऱ्या लढतीच्या जादा वेळेत पुन्हा तोच जोरकस फटका आला आणि बँक्सने तो वरच्यावर ढकलला. लढत फेरसामन्यांत गेली. पुढे ४ मार्च १९७२ रोजी चेल्सीला २–१ हरवून स्टोकने चषक जिंकला. त्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडले.

२२ ऑक्टोबर १९७२ रोजी मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्याने अंतराचा अंदाज धूसर होतो. अंगावर सरळ येणाऱ्या चेंडूचा वेग आणि अंतर ठरवणे हेच गोलरक्षकाचे काम असल्याने १९७३ मध्ये त्याने इंग्लंडमधील व्यावसायिक खेळ थांबवला. लीग सामने ५१० : चेस्टरफील्ड २३, लेस्टर २९३, स्टोक १९४. त्याची जागा भरण्यासाठी स्टोकने १९७४ मध्ये शिल्टनलाच आणले. बँक्स अमेरिकेत फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सकडून १९७७ व १९७८ मध्ये पुन्हा खेळला, आणि तिथे पहिल्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. नंतर काही काळ टेलफर्ड युनायटेडचा व्यवस्थापक. २००८ मध्ये स्टोक येथील त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा पेले उपस्थित होता.