प्रमाणपत्र आणि प्रचारबंदी: टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीचे दोन वेगळे नियम

जाहिरातीला निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र मिळालं, की ती मतदान संपेपर्यंत केव्हाही दाखवता येते, असा समज कार्यकर्त्यांमध्ये आहे आणि प्रेक्षकांमध्येही. तो चुकीचा आहे. प्रमाणपत्राचा नियम जाहिरातीत काय आहे हे तपासतो. प्रचारबंदीचा, म्हणजे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचार थांबवण्याचा नियम, ती कधी दाखवली हे बघतो. दोन्हींचा उगम वेगळा, आवाका वेगळा आणि शिक्षेची वाटही वेगळी.

आधी प्रमाणपत्राचं बघू. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या नियम ७(३) नुसार धार्मिक किंवा राजकीय हेतूची जाहिरात केबलवर दाखवायला मुळातच मनाई होती. हा वाद आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे १३ एप्रिल २००४ च्या आदेशानं मधला मार्ग निघाला: राजकीय जाहिरात दाखवता येईल, पण आधी तपासून घेऊन. तेव्हापासून नोंदणीकृत पक्षानं आणि उमेदवारानं प्रक्षेपणाच्या किमान ३ दिवस आधी अर्ज करायचा. इतर कुणी असेल तर ७ दिवस आधी. आज हे काम माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती करते. सगळे तिला एमसीएमसीच म्हणतात. पक्षाचा अर्ज मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या पातळीवर जातो, उमेदवाराचा जिल्ह्याच्या समितीकडे. मुंबईत जिल्हे दोन, म्हणून वरळीच्या उमेदवाराला मुंबई शहरची समिती आणि अंधेरीच्या उमेदवाराला उपनगरची.

अर्जासोबत जाहिरातीच्या प्रती आणि तिची साक्षांकित संहिता, म्हणजे तिच्यातला मजकूर लिहून, लागते. शिवाय निर्मितीचा खर्च, किती वेळा आणि कोणत्या दरानं दाखवणार, हेही लिहून द्यावं लागतं. जाहिरातीचे पैसे चेकनं किंवा ड्राफ्टनं द्यायचे. मला या नियमाचा सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, आणि टीव्हीवरचा खर्च लपवणं या कागदामुळे अवघड होतं.

मजकुरावर समिती आक्षेप घेऊ शकते. एप्रिल २०२४ मध्ये पक्षाच्या नव्या प्रचारगीतातून 'जय भवानी' आणि 'हिंदू' हे शब्द काढायला आयोगानं सांगितल्याचं उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं, आणि शब्द काढणार नाही असंही बजावलं. कुणाची बाजू बरोबर, यावर घराघरांत वाद झाले. पण तो वाद मजकुराचा होता, वेळेचा नव्हे.

वेळेचा नियम लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ मध्ये आहे. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणूक नाही. तसंच सिनेमा, दूरचित्रवाणी किंवा तत्सम साधनांवर 'निवडणूकविषयक मजकूर' दाखवायचा नाही. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'प्रचाराच्या तोफा थंडावल्या' असा मथळा पेपरात येतो तो याच घडीला. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान सायंकाळी ६ ला संपणार होतं, म्हणून १८ तारखेला सायंकाळी ६ वाजता सगळं थांबलं. (बारवर लागणारा ड्राय डेही याच ४८ तासांचा, पण त्याचं कलम वेगळं, १३५सी.)

या घडीनंतर टीव्हीच्या जाहिरातीपुरता प्रमाणपत्राचा उपयोग संपतो. मजकूर कितीही निर्दोष असो, ती दाखवता येत नाही.

आवाक्यातला फरक तर त्याहून महत्त्वाचा आहे. प्रमाणपत्र फक्त जाहिरातीला लागतं. नेत्याची मुलाखत, चर्चा, सभेचं थेट प्रक्षेपण यांना ते कुणी मागत नाही. प्रचारबंदी मात्र जाहिरातीपुरती नाही. निकालावर परिणाम करण्याच्या हेतूनं दाखवलेला कोणताही मजकूर तिच्यात येतो. डिसेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या मतदानाआधीच्या ४८ तासांत राहुल गांधींची मुलाखत वाहिन्यांवर दिसली आणि आयोगानं त्यांना नोटीस काढली. पुढे आयोगानंच ती मागे घेतली आणि कलम १२६ चा फेरविचार करायला हवा असं म्हटलं. त्यासाठी नेमलेल्या समितीनं जानेवारी २०१९ मध्ये अहवाल दिला. त्या वर्षीच्या लोकसभेपूर्वी समाजमाध्यम कंपन्यांनी प्रचारबंदीतल्या तक्रारींवर ३ तासांत कारवाई करण्याची स्वेच्छा संहिता स्वीकारली.

तरी दोन भोकं उरतात. पहिलं टप्प्यांचं. २० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, पण देशात अजून २५ मे आणि १ जूनचे टप्पे बाकी होते. दादरमध्ये प्रचार बंद, आणि दादरच्याच घरातल्या टीव्हीवर दुसऱ्या राज्यातली सभा चालू. सभा तिथे कायदेशीर, आवाज इथेही पोचतो.

दुसरं भोक वर्तमानपत्राचं, आणि मला ते जास्त खटकतं. कलम १२६ च्या शब्दांत छापील माध्यम नाही. त्यामुळे टीव्हीला बंदी असलेल्या त्याच सकाळी लोकलच्या डब्यात प्रत्येकाच्या हातात पहिल्या पानाची पूर्ण जाहिरात असू शकते. आयोगानं एवढंच केलं आहे की मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या जाहिरातीला एमसीएमसीचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत टीव्हीवर जे प्रमाणपत्र निरुपयोगी, तेच पेपरासाठी परवाना ठरतं. गोंधळाचं मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे. विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात छापील माध्यमालाही या बंदीत आणायची शिफारस केली होती. ती अमलात यायला हवी. मतदाराला विचार करायला दोन शांत दिवस द्यायचे तर ते सगळ्या माध्यमांत शांत असले पाहिजेत.

तक्रार करणाऱ्यानं म्हणून आधी हे ठरवावं की आक्षेप कशावर आहे. मतदानाच्या आठवडाभर आधी दिसलेल्या जाहिरातीबद्दल विचारा: प्रमाणपत्र आहे का, आणि दाखवलेली जाहिरात मंजूर संहितेप्रमाणेच आहे का? शेवटच्या ४८ तासांत टीव्हीवर जाहिरात दिसली तर प्रमाणपत्राची चौकशी करत बसू नका. वाहिनीचं नाव, तारीख आणि नेमकी वेळ लिहून ठेवा, चित्रीकरण करा आणि कलम १२६ चा उल्लेख करून निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्या.