अडुळसा आणि सिरप: भांडण कशाचं?

पाऊस लागला की बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात घरोघरी खोकला सुरू होतो आणि जुना वादही: अडुळशाचा काढा घ्यायचा की मेडिकलमधलं सिरप? एक 'निसर्गाचं', दुसरं 'केमिकल'. पण आपल्या कुंपणातल्या अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचं रसायनच असतं. त्याच्या रेणूत फेरफार करून ब्रोमहेक्सिन बनलं, १९६०च्या दशकात बाजारात आलं. शरीरात गेल्यावर त्यापासून तयार होतं ते ॲम्ब्रॉक्सॉल. घरातल्या सिरपच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याचदा यातलं एखादं नाव सापडेल.

ही औषधं जिथं काम करतात ती जागा विलक्षण आहे. श्वासनळीच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर २००च्या आसपास. सेकंदाला १०-१५ वेळा ते घशाच्या दिशेनं फटकारा मारतात. त्यांच्याभोवती पाण्यासारखा पातळ थर, त्यावर म्यूसिन प्रथिनांच्या लांब साखळ्यांचा चिकट थर. केसांची टोकं हा वरचा थर ढकलतात. वाऱ्यानं भाताच्या शेतात लाट जावी तशी लाट सरकते, धूळ आणि जंतू वर येतात, आपण ते नकळत गिळून टाकतो. तीव्र ब्रॉन्कायटिसमध्ये, म्हणजे श्वासनळ्यांना अचानक आलेल्या सुजेत, विषाणू नेमक्या याच पेशी मारतात. म्यूसिन वाढतं, पाण्याचा वाटा घटतो, लाट थांबते. मग कफ बाहेर काढायला खोकलाच उरतो. ब्रोमहेक्सिन पातळ स्राव वाढवतं, कफाचे तंतू तोडतं. पेशी मात्र आपल्या गतीनंच भरून येतात, म्हणून खोकला सरासरी अडीच आठवडे टिकतो.

दहातल्या नऊ जणांना हा आजार विषाणूंमुळे होतो. त्यामुळे अँटिबायोटिकनं खोकला जेमतेम अर्धा दिवस आधी थांबतो. तरी ते मागून घेतलं जातं, याचं वाईट वाटतं.

काढा आणि गोळी यांतला खरा फरक मापाचा. ब्रोमहेक्सिनच्या गोळीत ८ मिलिग्रॅम म्हणजे ८ मिलिग्रॅम. काढ्यात किती उतरलं, ते पानावर आणि उकळण्यावर. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, तिथल्या कामाचं मोल मला म्हणूनच वाटतं. 'साइड इफेक्ट नाहीत' ही जाहिरात तर धोक्याची: व्हॅसिसीननं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, गरोदरपणी अडुळसा नकोच.

निपाणीकडं तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्यांचा महिनोन्महिने चालणारा खोकला वेगळा, त्याला हे गणित लावू नका. साधा खोकलाही अडीच आठवडे टिकू शकतो, तरी दोन आठवड्यांवर खोकला गेला, थुंकीत रक्त दिसलं किंवा दम लागला, तर थेट सरकारी दवाखान्यात जाऊन क्षयाची तपासणी करा. ती फुकट होते.