देव सगळ्यांना डायरेक्ट का भेटत नाही? पंढरपुरातल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

देव खरंच असेल तर तो सगळ्यांना एकदमच दर्शन का देत नाही, ठराविक लोकांनाच का भेटतो, हा प्रश्न नास्तिकांनी काढलाय असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आपल्याकडे तो निदान सातशे वर्षं घोळतोय आणि तोसुद्धा भक्तांच्याच घरात.

गीतेचा अकरावा अध्याय घ्या, जो ज्ञानेश्वरीमुळे (1290) मराठीत घरोघर पोचला. अर्जुन म्हणतो मला तुझं खरं रूप बघायचंय, कृष्ण म्हणतो या डोळ्यांनी नाही जमणार, मग दिव्य दृष्टी देतो. अर्जुन बघतो आणि इतका घाबरतो की आधीचंच रूप दाखव म्हणून हात जोडतो. आणि कृष्ण वर स्पष्ट सांगतो की हे रूप तुझ्याआधी कुणीही पाहिलेलं नाही. म्हणजे रणांगणावर दर्शन झालं, पण एकाला. बाकी सगळं सैन्य तिथेच उभं आणि त्यांना काही पत्ताच नाही.

नामदेवांची गोष्ट याच्यापुढे जाते. लहानपणी नैवेद्य घेऊन गेले आणि विठ्ठल खरंच जेवला, रोज बोलायचा वगैरे सगळं आपल्याला माहितीये. पण पुढचा भाग लोक पटकन विसरतात. संतांची बैठक बसलेली, गोरोबाकाकांनी (गोरा कुंभार) मडकी ठोकायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं आणि ज्याला देव रोज भेटत होता तोच नामदेव कच्चं मडकं निघाला! रुसून ते विठ्ठलाकडे गेले तर त्यानेच गुरू कर म्हणून विसोबा खेचरांकडे पाठवलं. औंढ्या नागनाथला जाऊन बघतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले, तर म्हणाले जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, आणि पाय नेऊन ठेवावे तिथे पिंड. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण देव एकट्याला भेटला यात विशेष काही नाही, तो सगळीकडे सापडला पाहिजे, हे त्या काळात लोक उघड सांगत होते.

पण मग सगळीकडे असलेल्या देवाचं दार अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखोबांना बंद का? खरी आग इथे आहे. देवळात पाऊल टाकायची बंदी, म्हणून महाद्वाराबाहेर उभं राहायचं. त्यांच्या गोष्टीत देव स्वतः बाहेर येतो, त्यांच्याकडे जेवतो, आणि चिडलेला पुजारी चोखोबांना थोबाडीत मारतो तेव्हा आत विठ्ठलाचा गाल सुजलेला दिसतो. गोष्ट खरी मानायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण देवाला भेटायचं होतं आणि मधल्या माणसांनी अडवलं, हे सांगायला याहून थेट काय असणार. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर अभंगात देवालाच जाब विचारतो की आम्हाला असा जन्म दिलास कशाला. चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून गेले. समाधी आजही महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीच्या जवळच.

एकोणिसाव्या शतकात हाच मुद्दा ग्रंथांवर आला, म्हणजे देवाने ज्ञान ठराविक लोकांनाच का दिलं यावर. 1857 साली मुंबईत समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, प्रार्थना समाज या सुधारक संस्थेने (1867) अवतार आणि देवाने सांगितलेला बिनचूक ग्रंथ या दोन्ही कल्पना बाजूला ठेवल्या. जोतिराव फुल्यांनी मात्र मुळावरच बोट ठेवलं. त्यांचा निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा देव, सगळ्या स्त्री-पुरुषांचा, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये भट-दलाल नको, आणि ज्ञान देवाने सगळ्यांसाठी दिलं असेल तर ते शूद्रातिशूद्रांपासून लपवून ठेवलंच कसं? त्यांचं शेवटचं पुस्तक, सार्वजनिक सत्यधर्म, ते गेल्यावर 1891 ला छापून आलं. मला विचाराल तर या सगळ्या चर्चेत सगळ्यात सरळ लॉजिक त्यांचंच आहे.

पुढे 1930 ला नाशिकला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षं चालला पण दार उघडलं नाही. पंढरपूरला साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना तयार केलं आणि मग 1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, दहा तारखेला ते सुटलं आणि विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं. चोखोबा जाऊन तोवर सहाशे नऊ वर्षं झालेली.

दर्शन मिळालं तरी मूर्तीजवळचा पिढीजात हक्क बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांकडेच राहिला होता. 1973 ला तो हक्क काढून घेणारा कायदा झाला, कोर्टकचेऱ्या चालूच राहिल्या, आणि जानेवारी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टात त्या घराण्यांचा दावा कायमचा संपला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी म्हणून सगळ्या जातींच्या लोकांकडून, बायकांकडूनसुद्धा, अर्ज मागवले.