सड्यावरचा कारखाना: जमीन महसूल संहितेच्या ४४-अ कलमाची पार्श्वभूमी

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. माणसे कमी होणाऱ्या या जिल्ह्यांत उद्योगाने कुठे बसायचे, हे ठरवणारे नियम ठाणे-पुण्याकडची घाई डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले. कोकणातल्या जमिनीच्या वादांचे मूळ बऱ्याच अंशी तिथे सापडते.

जुना सांगाडा थोडक्यात असा. १९४८च्या कूळकायद्याच्या ६३व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्याची वाट अडवली. १९६१च्या कायद्याने औद्योगिक विकास महामंडळासाठी (एमआयडीसी) भूसंपादन करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ‘बत्तीस-दोनची नोटीस’ हा शब्द गावच्या तोंडी बसला तो त्याच कायद्याच्या कलम ३२(२) मधल्या संपादनाच्या नोटिशीवरून. १९६४ पासून मागास भागातल्या उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजनेतून सवलती मिळू लागल्या. १९६६ मध्ये जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक नियोजनाचा कायदा असे दोन्ही आले. कारखाना काढणाऱ्यापुढे दोनच रस्ते होते: महामंडळाच्या वसाहतीत प्लॉट घ्यायचा, नाहीतर एनएसाठी (बिनशेती परवानगीसाठी) महसूल कचेरीचे उंबरे झिजवायचे. लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळ या वसाहती पहिल्या रस्त्यावरच्या.

१९९४ मध्ये तिसरा रस्ता काढण्यात आला. परवाना राज नुकतेच मोडीत निघाले होते आणि एनएची फाइल हा उद्योजकांच्या तक्रारींचा ठरलेला विषय होता. तेव्हा संहितेत ४४-अ घातले आणि त्याच्या जोडीला कूळकायद्यात ६३-१अ. ‘खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरा’साठी बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येऊ लागली आणि त्या वापरासाठी बिनशेतीची आगाऊ परवानगी लागेनाशी झाली. वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांत तहसीलदारांना कळवायचे आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्यायची, की काम झाले. १० हेक्टरांहून मोठ्या खरेदीला उद्योग खात्याच्या विकास आयुक्तांची मंजुरी हवी, एवढी मोठी अट.

तर ‘खराखुरा’ म्हणजे कुठला? व्याख्या वाचायला घेतली की दम लागतो. वस्तू तयार करणे, टिकवणे, प्रक्रिया करणे, हस्तव्यवसाय. पुढे वीजप्रकल्प, संशोधन, गोदाम, कँटीन, कार्यालय, कामगारांची घरे, सहकारी औद्योगिक वसाहत, सेवा उद्योग, ग्रामोद्योग. आणि मध्येच, अधिसूचित पर्यटनस्थळी किंवा थंड हवेच्या ठिकाणी, पर्यटन. कालांतराने विशेष नगर वसाहतीही याच छत्राखाली आल्या. बंगल्यांची वसाहत आणि काजू बीचा कारखाना एकाच कलमाचे लाभार्थी कसे, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला असला तरी त्याचे उत्तर व्याख्येत दिसत नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा पर्यटनाच्या त्या चार शब्दांना इथे वेगळेच वजन आले.

बारकाईने पाहिले तर कलमाचा सगळा भर दाराशी आहे. हक्क निर्वेध हवा, जायला रस्ता हवा, रेल्वेमार्गापासून ३० मीटर आणि उच्चदाबाच्या वीजवाहिनीपासून १५ मीटर अंतर हवे, जमिनीवर संपादनाची अधिसूचना नको. पण कारखाना उभा राहिलाच नाही तर? ६३-१अ मध्ये त्याची सोय आहे: ठरलेल्या मुदतीत वापर झाला नाही तर मूळ विकणाऱ्याला मूळ किमतीत जमीन परत घेण्याचा हक्क. ही मुदत पुढच्या दुरुस्त्यांत खालीवर होत राहिली. कागदावर तरतूद चांगली आहे. पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची चौकशी व्हायला हवी, आणि ती मागायची तर विकणारा गावात असायला हवा. तो बहुधा मुंबईत असतो.

जागेची अटही अशीच. नियोजन आराखड्यातला औद्योगिक विभाग, किंवा नियमावली उद्योगाला परवानगी देत असेल तर शेती विभाग, किंवा मुळात आराखडाच नसलेला भाग. म्हणजे जिथे नियोजन पोचले नाही तिथे मोकळीक सर्वांत जास्त! रत्नागिरी-सिंधुदुर्गला प्रादेशिक योजना होती. राज्याच्या इतर मागास भागांत कित्येक तालुक्यांना तीही नव्हती.

आता कुडाळ तालुक्यात कुणाला घरामागच्या वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीत काजू प्रक्रियेची छोटी शेड टाकायची आहे असे धरा. जमीन त्याचीच, त्यामुळे ६३-१अ शी त्याचा संबंध नाही. ४४-अ ची पहिलीच अट त्याला नडते: निर्वेध हक्क. सातबारा सामाईक, नावे अकरा, त्यातली चार मयत, वारस तपास अर्धवट, दोन हिस्सेदार चाकरमानी आणि एकाशी बोलणे बंद. कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर हस्तांतरावर त्या कायद्याच्या कलम ४३ चे बंधन. ते २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाले, दहा वर्षांनंतर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट भरून सुटका होते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात खासगी वनाची नोंद निघाली तर मात्र विषयच संपला. बाहेरचा खरेदीदार वकील लावून, एजंटाकरवी एकेका हिस्सेदाराला गाठून हे सगळे निस्तरतो. शेडवाल्याला ते परवडत नाही. सवलत जितकी मोठ्याच्या उपयोगी पडली तितकी लहानाच्या नाही, असे म्हणायला बरीच जागा आहे.

ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने दोन्ही जिल्ह्यांत नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवल्या. पश्चिम घाटाच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल येईपर्यंतची ही स्थगिती पुन्हा पुन्हा वाढत गेली. महसुली कलम सैल आणि पर्यावरणाचे दार बंद, अशा काळातही जमिनी विकत घेणे थांबले नाही, कारण खरेदीला त्या मंजुरीची गरजच नव्हती.

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी उलटे घडले. मे २०१७ मध्ये राजापूर आणि देवगड तालुक्यांतली गावे महामंडळाच्या कायद्याखाली अधिसूचित झाली, म्हणजे सरकार पहिल्या रस्त्यावर परतले. बाहेरच्यांनी आधीच तिथे जमिनी घेतल्याचे आरोप झाले, आणि अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. दरम्यान या सातबाऱ्यांवर संपादनाची टांगती तलवार असल्याने ४४-अ ची वाट स्थानिकांनाही बंद होती. पुढे त्याच प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा स्थानिकांनी विरोध केला.

मधल्या काळात ४४-अ चे महत्त्वही उतरले. २०१४ नंतर ४२-अ पासूनची कलमे येत गेली. त्यातल्या ४२-ड ने गावठाणापासून २०० मीटरच्या आत मानीव बिनशेतीची (जमीन बिनशेती झाली असे धरण्याची) सोय केली. २ डिसेंबर २०२० ला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली आणि शेती विभागात कुठला उद्योग चालेल हे प्रत्येक प्रादेशिक योजनेच्या वेगळ्या नियमांऐवजी बहुतांश राज्यात एकाच पुस्तकातून ठरू लागले. काजूच्या शेडवाल्याला आता परवानगीचे पान लवकर सापडते. सातबाऱ्यावरची अकरा नावे मात्र त्याची त्यालाच निस्तरायची आहेत.